नऊ-सहाचं मशीन आणि पाचपट पॉइंट

श्रीरामपूरच्या ज्या घरात मी राहते तिथं माझी कामं चार. स्वयंपाक, बाईंची औषधं, परसातल्या दोन पेरूंना पाणी, आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा मशीन होणं. पहिली तीन कामं कुणालाही सांगता येतात.

मशीन व्हायचं म्हणजे पत्त्यांचा कॅट पिसून बाईंपुढे पाच पानं उघडी मांडायची. त्या त्यातली हवी ती ठेवतात आणि नको ती माझ्याकडे सरकवतात. तेवढीच नवी पानं मी द्यायची आणि मग तोंडानं निकाल सांगायचा: "जोडी, गुलामांची. पैसे परत." किंवा, "काही नाही जी. गेले." मशीननं हळहळायचं नसतं, पण मी हळहळते. "मशीन कधी 'अरेरे' म्हणतं का गं?" असं बाई विचारतात.

बाई म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर, दर रविवारी चर्चला इस्त्रीची साडी नेसून जाणाऱ्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत एका वाळवंटातल्या शहरात दवाखान्यात काम करतो. त्या शहरात जुगाराची मोठमोठी घरं आहेत. बाई दर हिवाळ्यात तीन महिने त्याच्याकडे जातात. पहिल्या वर्षी त्यानं आईला दिव्यांची रोषणाई दाखवायला नेलं आणि हातात थोडे डॉलर देऊन एका पत्त्यांच्या मशीनपुढे बसवलं. अर्ध्या तासानं येऊन बघतो तर बाईंनी एक बटण दाबलेलं नाही. त्या काचेवरचा तक्ता वाचत होत्या. कुठल्या पानांना किती मिळतं, त्याचा तक्ता.

"हे फार चुकीचं गणित नाही," त्या म्हणाल्या म्हणे. "पण शेजारचं मशीन चोर आहे."

मला त्यांनी ते सगळं नंतर समजावलं. दिसायला सगळी मशीनं सारखीच. पण एकावर तीन-दोनचं भरलं घर, म्हणजे तीन पानं एकसारखी आणि दोन एकसारखी, आलं तर नऊपट मिळतात आणि पाचही पानं एका रंगाची आली तर सहापट. ते नऊ-सहाचं मशीन. त्याच्या शेजारच्यावर आठपट आणि पाचपट. ते आठ-पाचचं. बिनचूक खेळलं तर नऊ-सहाचं मशीन शंभरातले साडेनव्व्याण्णव आणि वर चार पैसे परत देतं. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षांच्या हिशोबात. एखाद्या दिवशी ते तुम्हाला नागडं करून घरी पाठवू शकतं, हे बाई पहिल्यांदा सांगतात.

"म्हणजे अर्धा रुपया जातेच ना जी," मी म्हटलं होतं.

"जातो. आता कार्ड बघ."

त्या जुगारघराचं एक सभासद कार्ड असतं. ते मशीनमध्ये खोचून खेळायचं. हरा की जिंका, जेवढं खेळाल त्यावर पॉइंट जमतात. शंभर खेळलात की पाव रुपयाचे. कधी पत्र येतं, अमक्या दिवशी पॉइंट दुप्पट, तमक्या दिवशी तिप्पट. "ते माझ्याकडून अर्धा रुपया घेतात," बाई म्हणाल्या, "मी त्यांच्याकडून पाऊण काढते." ज्या दिवशी मशीन आणि पॉइंट मिळून शंभराच्या वर जातात, त्याच दिवशी बाई खेळतात. बाकी दिवशी नातवाला पाढे.

यातून त्यांना तासाला जे जेमतेम सुटतं ते ऐकून मी भांडी घासायला उठले होते. मुलगा बोलून दाखवतो. "आई, तुला सोडायला येतो त्या पेट्रोलात तुझी तीन वर्षांची कमाई जाते," तो फोनवर म्हणतो. बाई म्हणतात, "पेट्रोलवर पॉइंट मिळतात का ते बघितलंस का?"

मी आठवीत शाळा सोडली. आठवीत शेकडेवारी सुरू झाली आणि माझी शाळा संपली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, घरी धानाच्या रोवणीला माणूस कमी होतं. पण मला कायम वाटत आलं की शेकडेवारीनंच मला हाकललं. माझं गाव भंडाऱ्याच्याही पुढे, धानाच्या मुलुखात. तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला इकडे पाठवलं. रेल्वेतून उतरले तेव्हा भाताऐवजी भाकरी आणि पाण्याऐवजी धूळ बघून रडूच आलं होतं. बाईंनी मला खोली दिली. तिला आतून कडी होती. तशी खोली मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, आणि ते उपकार मी गॅस बंद आहे की नाही हे रात्री तीनदा बघून फेडत असते.

शेकडेवारी शिकवायचा बाईंनी फार प्रयत्न केला. शेवटी मला समजली ती भाताच्या गिरणीमुळे. आमच्या गावात दोन गिरण्या होत्या. एक गिरणीवाला भरडाईचे पैसे घ्यायचा, पण तांदूळ अख्खा निघायचा आणि कोंडा थोडासा परत मिळायचा. दुसरा पोतंभर कोंडा द्यायचा, म्हशीवाल्या बाया त्याच्याच दारात. पण त्याची गिरणी तांदळाची कणी करायची. आई म्हणायची, कोंड्याच्या मोहानं तांदूळ फोडू नये. हे बाईंना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. "अगं, मग तुला येतंय की! मशीन म्हणजे तांदूळ. पॉइंट म्हणजे कोंडा." त्या दिवसापासून आमच्या घरात पॉइंटांना कोंडाच म्हणतात. मुलानं एकदा विचारलं, "आई, या महिन्यात किती जमले?" तर बाई म्हणाल्या, "एका म्हशीपुरते."

खेळायला मात्र मी कच्ची. चौक्यांची जोडी आणि सोबत एक्का आला, तर जोडी ठेवून एक्का फेकायचा असतो. माझा हात होत नाही.

"एक्का आहे जी तो. फेकू कसा?"

"मग काय हार घालतेस त्याला? टाक!"

हे घरातलं घरात. चर्चमधल्या बायकांना कळता कामा नये असं बाईंचं सांगणं होतं. सकाळी दूध घालायला येणाऱ्या मावशींनी कुठूनसं अर्धं ऐकलं होतं. "मास्तरीनबाई परदेशात मशीन चालवत्यात म्हनं? पिको-फॉलचं का?" मी घाबरून हो म्हटलं. तेव्हापासून मावशी चिंतेत आहेत. "तिथं कोन नेसतंय साड्या? गिऱ्हाईक तरी हाय का?"

तर यंदाचं. दसरा झाला आणि मुलाचा फोन आला. आई, आता तीन महिने नको, सहा महिने राहा. जमलं तर कायमचीच राहा. घर भाड्यानं देऊन टाकू, रिकामं कशाला ठेवायचं? फोन स्पीकरवर होता आणि मी पोळ्या लाटत होते. एरवी बाई जातात तेव्हा मी घर सांभाळते. भाडेकरू आले तर कडीची खोलीही त्यांचीच. माझ्या गावात आता भाऊ आहे, भावजय आहे आणि एक खोली आहे, आणि त्या खोलीत ते दोघं आहेत. माझी पोळी त्या दिवशी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. बाईंनी तिचा विदर्भ आधी खाल्ला.

चार दिवसांनी मुलानं जुगारघराच्या पत्राचा फोटो पाठवला. डिसेंबर महिनाभर पॉइंट पाचपट.

बाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, दुसऱ्याचा राहिलाय. मोठी अक्षरं त्यांनी वाचली आणि टाळी वाजवली. "पाव पंचे सव्वा! साडेनव्व्याण्णवात सव्वा मिळव बघू." शंभरावर पाऊण, आणि वर थोडं. इतकं कधीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "महिनाभर असं असेल तर जायलाच हवं. सहा महिने तर सहा महिने. घराचं बघू." मग मला म्हणाल्या, "पत्र वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून ठेव."

इंग्रजी मला बाईंनीच शिकवलंय, पण मी ते बोट ठेवून वाचते. एकेक शब्द. म्हणून तर दिसलं. 'पाचपट' या शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी होती. तशीच एक खाली, पानाच्या तळाशी, आणि तिच्यापुढे राईएवढी अक्षरं. फोटो मोठा केला, मोबाईल खिडकीशी नेला, शब्दकोश काढला. दीड तास लागला. काही मशीनांची नावं देऊन लिहिलं होतं की ही सवलत यांना लागू नाही. त्यात नऊ-सहाचं मशीन होतं. पहिलंच.

आनंद व्हायला हवा होता की नाही? झाला नाही. हे सांगितलं की बाई जाणार नाहीत, माझी खोली वाचणार. म्हणजे सांगण्यात सगळा फायदा माझा. बाई म्हणतील, हिला राहायचंय म्हणून ही चांदण्या शोधत बसलीय. न सांगावं तर त्या सात समुद्र ओलांडून नऊ-सहाच्या मशीनपुढे बसणार आणि पाचपट कोंडा मिळणारच नाही. दोन दिवस मी वही उशाखाली ठेवली. आमटीत मीठ दोनदा पडलं. "मशीन बिघडलंय," असं बाई म्हणाल्या. मी संध्याकाळी सहा पानं वाटली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं भांडं पुढे करत मी मावशींना विचारलं. पिको-फॉलमधून हे कसं विचारायचं, म्हणून डेअरीतून विचारलं. "मावशी, समजा एका डेअरीनं सांगितलं, दिवाळीला पाचपट बोनस. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की चांगल्या फॅटच्या दुधाला नाही. तुमच्या मैत्रिणीनं ते वाचलंच नाही. तर..."

मावशींनी माप तिथंच थांबवलं. "कंची डेअरी?"

"समजा म्हटलं ना."

"आमची न्हाई ना?"

"नाही हो! मैत्रिणीला सांगाल की नाही?"

"सांगंन की. न्हाई सांगितलं तर ती उगा म्हशीला शिव्या घालंल."

"पण सांगितल्यानं फायदा तुमचाच होत असेल तर? लोक काय म्हणतील?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलंय. "मग दोनदा सांग. एकदा तिच्यासाठी, एकदा तुज्यासाठी. आन् खरं सांग, डेअरी कंची?"

दुपारी चहाबरोबर मी वही बाईंपुढे ठेवली. चांदणीची ओळ मी लाल पेनानं, सगळ्यात मोठी काढली होती. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बाई, मी मुद्दाम नाही शोधलं जी. मले राहायचं आहे ते खरं आहे, पण हे पण खरं आहे. दोन्ही खरं आहे."

बाईंनी भिंग मागितलं. आधी वही वाचली, मग मोबाईलवरचा फोटो. चहा निवला.

"कधी दिसलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

"हो जी."

"आमटीचं कारण हे होय!" त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांचा आवाज वर्गातला झाला. "चल. नऊ-सहाला पाचपट नाही. मग कुठं बसायचं? आठ-पाचला. ते किती देतं?"

"सत्त्याण्णव रुपये तीस पैसे."

"कोंडा?"

"सव्वा."

"मांड."

मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. अठ्ठ्याण्णव पंचावन्न. शंभरातून वजा. आकडे सरळ आले. "एक रुपया पंचेचाळीस पैसे जातात. दर शेकडा."

"दर शेकडा," बाई म्हणाल्या आणि लाल पेनानं बरोबरची खूण केली. आठवीनंतर माझ्या वहीवर ती पहिलीच. मी तिकडे बघत राहिले तर म्हणाल्या, "पोरी, खूण काय बघतेस, फोन लाव त्याला."

फोन स्पीकरवरच होता. बाईंनी सांगितलं, डिसेंबर रद्द. सहा महिनेही रद्द. नेहमीसारखे तीनच, तेही फेब्रुवारीचं पत्र बघून.

"आई, तू मला भेटायला येतेस की मशीनला?"

"तुला भेटायला कधीही येईन. तिकीट तू काढतोस त्यात मला तोटा नाही."

"आणि घराचं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पेरूच्या झाडाकडे बघत म्हणाल्या, "घर भाड्यानं देऊन जे येईल, त्यात या पोरीसारखं पत्र वाचणारं माणूस मिळेल का? चौकशी करून सांग."

मग तो मला म्हणाला, "ताई, मीही ते पत्र वाचलं होतं. मला नाही दिसलं. तुम्हाला कसं दिसलं?"

मी म्हटलं, "मी हळू वाचतो जी." घाबरले की माझी बोली बाहेर पडते. तो हसला. बाई हसल्या. मलाही हसू आलं, पण आधी थोडं रडू आलं होतं.

फेब्रुवारीचं पत्र जानेवारीत आलं. पॉइंट तिप्पट. मी पूर्ण वाचलं, तळातला पत्ता आणि छापणाऱ्याचं नावसुद्धा. नऊ-सहाचं मशीन नाव घेऊन सामील होतं. चांदणी कुठंच नव्हती. मी तसं सांगितलं.

बाई प्रवासाची पेटी उघडून बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नीट बघ. तुझ्या फायद्याचं काही सापडतंय का."

मी पुन्हा एकदा, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.