बिअरमधला गूळ

इथे परदेशात, बेडोकला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ बँकेत नोकरी करतात, पण जगतात ते घरी बिअर करण्यासाठी. माल्टचा तयार पाक उकळून त्यात हॉप्सची कडू फुलं कधी टाकायची, हे ते "बरं का" म्हणत लिफ्टमध्येसुद्धा ऐकवतात.

यंदा वहिनींनी बजावलं, "ही खेप बिघडली, तर ही आंबवायची बादली घराबाहेर!" आणि नेमकी फुलं जास्त पडली. घाबरून त्यांनी कारल्याच्या भाजीत घालतात तसा गूळ घातला. यीस्टनं गूळ फस्त केला, नशा वाढवली आणि कडूपणा तेवढा आमच्यासाठी ठेवला.

पहिल्याच घोटाला मला ठसका लागला. वहिनींनी ग्लास संपवला आणि टेबलावर आपटला. बिचारे शेजारी स्वतःच रिकामी बादली उचलून दाराकडे निघाले.

"अहो, ठेवा ती," लालबुंद वहिनी म्हणाल्या, "आणि दुसरी बाटली उघडा!"