पोपटबाई बोलत का नव्हत्या

आमच्या लातूरच्या गल्लीत माझ्या तोंडाला लागायला सहसा कुणी धजत नाही. भाजीवाला माझ्यासाठी मेथीची जुडी स्वतःच निवडून काढतो, म्हणजे पुढचं सगळं ऐकावं लागत नाही. तर अशी मी, मोबाईलवरच्या एका खेळात जवळजवळ वर्षभर तोंडात गुळणी धरून बसले होते. ते दुष्काळाचं वर्ष होतं, शहराला पाणी रेल्वेनं येत होतं, गुळणीपुरतं पाणीसुद्धा कुणी वाया घालवत नव्हतं. मी मात्र धरली ती धरली.

खेळ मोबाईलमध्ये घालून दिला नवऱ्यानं. त्याची बदली नांदेडला झाली होती, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. संध्याकाळ झाली की मला घर खायला उठायचं आणि मी त्याला फोनवर फोन करायची. "सारखं कामून फोन करून राहिलीस? साहेब समोर बसलेत," असं तो कुजबुजायचा. शेवटी त्यानं एका शनिवारी हा खेळ लावून दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. बायको गुंतली असं त्याला वाटलं. गुंतलेच.

खेळ सोपा होता. प्रत्येकानं आपलं एक गाव वसवायचं, तटबंदी बांधायची, सैनिक पोसायचे. चाळीसेक जणांची मिळून एक टोळी. टोळीची दुसऱ्या टोळीशी लढाई लागून कुणाच्या गावावर धाड पडली की सगळ्यांच्या मोबाईलमधून रणशिंग वाजायचं, मग ज्याचं गाव अडचणीत असेल त्याला बाकीच्यांनी सैनिक धाडायचे. माझ्या त्या गावातून बारमाही नदी वाहायची. मी ओट्याशी तांब्याभर पाण्यात भांडी विसळायची आणि मग हात पुसून नदीकाठी जाऊन बसायची. कुणाला नावगाव सांगायची गरज नव्हती, फक्त एक चित्र निवडायचं. मी पोपट निवडला. न बोलणारा पोपट टोळीत बहुधा मी एकटीच असेन.

कारण टोळीला चर्चेची एक जागा होती, आणि तिथं बोलणं अपेक्षित होतं. आमचा पुढारी पुण्याचा. निदान लिहायचा तरी तसा. "सर्व सभासदांनी कृपया चर्चेत सहभागी व्हावे." बारशाच्या पत्रिकेसारखं त्याचं मराठी. चर्चेत पाच-सहा जणच बोलायचे, बाकीचे वाचायचे. ह्याचा त्याला फार त्रास व्हायचा. एकदा त्यानं 'आपण चर्चेत का बोलत नाही?' असा प्रश्न चर्चेतच टाकला आणि उत्तरंही सुचवली: वेळ नाही, रस नाही, विषय समजत नाही. न बोलणाऱ्यांपैकी एकानंही उत्तर दिलं नाही. मुक्यांच्या सभेत हजेरी पुकारल्यावर दुसरं काय होणार?

मला वेळ होता, रस होता आणि विषयही त्याच्यापेक्षा जास्त समजत होता. डाव्या बाजूची तटबंदी कच्ची ठेवून शत्रूला आत घ्यायचं आणि मग कोंडायचं, हे मी त्यांना कधीच शिकवलं असतं. पण बोलू कुणाशी? आमच्याकडं माणूस समोर आला की आधी विचारतात, कोणत्या गावचे? मग कुणाचे? मग ओळख निघते, नाही निघाली तर काढतात, आणि मग तो मामा होतो, दाजी होतो, अण्णा होतो. तेवढं ठरलं की माणूस मोकळा होतो, मग भांडतासुद्धा येतं. इथं सगळी नुसती चित्रं. वाघाला अरे म्हणू की अहो? उद्या तो आमच्या चुलत सासऱ्यांच्या वयाचा निघाला तर?

आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक गोष्ट होती. एकदा कुणीतरी चर्चेत "लई भारी लढलाव" असं लिहिलं, तर त्यावर हसण्याची चित्रं नुसती पाऊस पडल्यासारखी पडली. "गावाकडची मंडळी आली वाटतं." आणि लातूर म्हटलं की त्या वर्षी सगळीकडं एकच विनोद: आंघोळ केली का? 'लई भारी' लिहिणारा त्यानंतर चर्चेत दिसेनासा झाला. मला फार लागलं ते. 'लई' मीही तीनदा लिहून तीनदा पुसला होता. आपण कुठले हे सांगायचंच नाही असं मी तेव्हाच ठरवलं.

तरी मी एकटी पडले नव्हते, ते बैलामुळं. टोळीत एक बैल होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, तोंड काळं. हाही कधी चर्चेत बोलायचा नाही. पण माझं गाव पेटलं की सगळ्यांत आधी सैनिक बैलाचे. चर्चेतले बोलघेवडे डावपेचांवर वाद घालत बसलेले असायचे आणि इकडं बैल मुकाट माझ्या वेशीवर उभा. मीही माझे चांगले सैनिक त्याच्यासाठी राखून ठेवायची. तिसरी एक चहाची किटली होती, तीही अशीच मुकी आणि कामाची. नवरा नांदेडला, पोरं शिकवणीला, गल्लीत एका घराशी अबोला. त्या दिवसांत बैल आणि किटली एवढीच माझी हक्काची माणसं होती, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

अबोला होता शेजारच्या अप्पांशी. अप्पांचं किराणा दुकान, मूळ गाव देवणीकडचं. लिंगायत माणूस, गळ्यात शिवलिंग, कपाळावर भस्म, आणि हट्ट असा की तराजूच्या काट्यालाही आपलं खरं करू देणार नाहीत. टँकर गल्लीत शिरला की पाईप आधी त्यांच्या ड्रमात, मग माझ्या, असा पायंडा होता. एकदा माझा ड्रम अर्धाच भरलेला असताना त्यांनी पाईप उचलला आणि आपल्या दुसऱ्या ड्रमात सोडला. म्हणे पाव्हणे आलेत. मी जे काही बोलले ते गल्लीच्या टोकाच्या शिकवणीतल्या पोरांनीही लिहून घेतलं असेल. अप्पा एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या दिवसापासून बोललेच नाहीत. चूक कुणाची यावर माझं मत आजही पक्कं आहे.

मग साखरसुद्धा मी चौकातल्या दुकानातून आणू लागले. अगदीच बोलायची वेळ आली तर मध्ये अप्पांची सून असायची. मी तिला म्हणायचे, "बादली मधातून काढा म्हनावं." अप्पा चार हात लांब उभे राहून तिलाच सांगायचे, "काढली म्हनावं." लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं दोन्ही बोलणी बिचाऱ्या सुनेलाच लागायची. ती मान खाली घालून हाव म्हणायची. तिच्या तोंडून दुसरा शब्द मी क्वचितच ऐकला होता.

टँकरच्या येण्याला काळवेळ नव्हती. भोंगा वाजला की असाल तसं पळायचं, हातातली लढाई टाकून. अशा तीन लढाया हरल्यावर पुढाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. चर्चेत सगळ्यांसमोर त्यानं लिहिलं की पोपट, बैल आणि किटली हे तिघे नेहमी एकाच क्षणी गायब होतात आणि एकाच वेळी परत येतात. तिघेही कधी बोलत नाहीत. अर्थात हा एकच माणूस असून तीन सोंगं घेऊन खेळतो आहे. ही फसवणूक आहे. रविवारची लढाई संपेपर्यंत तिघांनी चर्चेत येऊन खुलासा करावा, अन्यथा तिघांना टोळीतून काढण्यात येईल.

माझा जीव अंगठ्याएवढा झाला. काढलं तर ते गाव जाईल, नदी जाईल, ते एक वेळ चालेल. पण बैल जाईल, आणि त्याला शोधायचं कुठं? मग डोक्यात प्रकाश पडला. मी जाते ती टँकरसाठी. म्हणजे बैलही टँकरसाठीच जात असणार, आणि आमच्याच टँकरसाठी! पुढचे चार दिवस मी रांगेतल्या प्रत्येकाकडं बैल म्हणून बघत होते. बँकेतल्या कारकुनावर माझा फार संशय होता, कारण तो मुकाट असतो आणि दुसऱ्याची घागर उचलू लागतो. अप्पांचा विचारही मनात आला नाही. जो माणूस माझ्या ड्रमातला पाईप काढतो, तो माझ्या वेशीवर सैनिक काय उभे करणार?

रविवारी लढाई ऐन रंगात आली आणि टँकरचा भोंगा झाला. एरवी घरीच टाकायची तो मोबाईल, खुलाशाच्या धास्तीनं, कमरेला खोचून मी घागर घेऊन पळाले. रांगेत नेहमीची चर्चा चालली होती, उदगीर जिल्हा होणार की नाही. अप्पा तावातावानं सांगत होते, "जिल्हा होऊ द्या हो, मग बघा पान्याचं." कुणीतरी मागून म्हणालं, "जिल्हा झाला तरी टँकर ह्योच येनार, अप्पा." सगळे हसले, आणि त्या हसण्यात रणशिंग वाजलं.

माझ्या कमरेला वाजलं. अप्पांच्या बंडीच्या खिशात वाजलं. आणि अप्पांच्या सुनेच्या पदराआड वाजलं.

अप्पांनी खिशातून मोबाईल काढला. त्यावर बैल होता, पांढऱ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा. नंतर कळलं, दुकानातल्या त्या वर्षीच्या कॅलेंडरवर हाच देवणी बैल होता. अबोला नसता तर साखर आणायला गेले असते आणि भिंतीवर पाहिला असता. मी माझा मोबाईल पुढं धरला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. बोलणार कसं? अबोला होता ना!

अप्पा सुनेकडं वळले. "ईचार त्यांना, पोपट त्यांचाच हाय का."

"हाव म्हनावं," मी म्हणाले.

सून पदर घट्ट धरून मागं सरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि पदराआडचं रणशिंग थांबत नव्हतं. अप्पांनी हात पुढं केला. तिनं मोबाईल काढून दिला. किटली.

"मला पहिल्यापासून म्हाईत होतं, मामा," ती म्हणाली. "तुमच्या फोनात बैलाचं चित्र मीच तर लावून दिलं. तुम्ही चर्चेत हाव, तर मी तिथं कशी बोलू?"

वर्षभर ती पोरगी एकाच घरात, भिंतीपलीकडं बसून सासऱ्याला सैनिक धाडत होती. आता आपला मोबाईल जातो की काय या भीतीनं ती सासऱ्याच्या हाताकडं बघत होती. अप्पांनी किटलीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तरीच मी म्हनलं, किटली वेळेवर कशी येऊन राहिली," एवढंच म्हणाले आणि मोबाईल तिच्या हातात परत ठेवला. मला भर रांगेत रडू आलं.

पण लढाई संपत आली होती आणि खुलासा बाकी होता. मी सुनेला म्हणाले, "त्यांना ईचार, ते कामून बोलत नव्हते." अप्पांनी तिला सांगितलं, "त्या पुढाऱ्याला काय म्हनू? पोरगं हाय का बाप्या हाय, कळंना. कोन गावचा त्याचा पत्ता न्हाई." मी खो खो हसले. घागर खाली ठेवून मीच चर्चा उघडली आणि काहीही न पुसता लिहिलं: 'आम्ही तीन माणसं हाव. लातूरचे. टँकर आला की पळतो. आता तुम्ही सांगा, तुम्ही कोणत्या गावचे?'

तिघंही आपापल्या मोबाईलला डोळे लावून उभे होतो, टँकरवाला ओरडत होता. मग पुढाऱ्याचं उत्तर आलं. 'धर्माबाद. मामाचं मिरचीचं दुकान होतं, तिथंच वाढलो. इकडं आल्यावर सांगायचं सोडून दिलं. लई दिवसांनी कुणी विचारलं.' त्याच्याखाली एकानं लिहिलं, शिरूर अनंतपाळ. दुसऱ्यानं, देगलूर. एवढे दिवस मुके असलेले एकेक जण नुसतं गावाचं नाव लिहून जात होते. 'लई भारी' लिहिणारा परत आला आणि त्यानं लिहिलं, निलंगा. त्या दिवशीची लढाई आम्ही सपाटून हरलो.

गल्लीतला अबोला मात्र लगेच मिटला नाही. तो मिटवायचा कसा हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं आणि आधी बोलणाऱ्याची हार होणार होती. पुढच्या टँकरला मला ताप होता. घर बंद करून, गोधडी घेऊन मी पडले होते, उशाशी मोबाईल. भोंगा ऐकला, पण उठवेना. इतक्यात चर्चेत बैल बोलला, वर्षात पहिल्यांदा, सगळ्या टोळीसमोर:

'पोपटबाई, पाईप तुमच्या ड्रमात सोडतो. आधी तुमचा भरू द्या. दार तेवढं उघडा.'

मी धडपडत उठले. तेव्हाच माझ्या गावावर धाड पडली आणि रणशिंग वाजू लागलं. पुढाऱ्यानं खाली लिहिलं, 'जा बाई तुम्ही, गाव आम्ही बघतो.'