आमच्या ओट्यावरचं रसायनशास्त्र

परवा स्वयंपाकघराला रंग द्यायला पेंटर आला. छताकडे बघत म्हणाला, "वहिनी, हे जांभळं कशाचं? आणि ते पिवळं? आणि ते कोपऱ्यात चिकटलंय, ते काय आहे?" मी एकेक सांगायला लागले. त्याचा चहा गार झाला, प्रायमरचा डबा उघडलाच नाही. शेवटी तोच म्हणाला, "आता उद्याच येतो. पण ते कोपऱ्यातलं सांगायचं राहिलं बरं का!" असे हे किस्से साठत जातात. डाग निघतो, किस्सा निघत नाही.

मूळ गोष्ट एवढीच, की गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या समोरासमोरच्या दोन घरांनी पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं. माझी ईरा नऊ वर्षांची, समोरचा ओजस सात वर्षांचा. ओजसचे बाबा त्र्यंबकेश्वरला पूजा सांगतात. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. भाषा आणि गणित त्यांच्याकडे, विज्ञान माझ्याकडे. मी केमिस्ट्रीतली बीएस्सी. लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग फक्त इडलीचं पीठ आंबवण्यापुरता झाला होता.

गुरुजींना कोणी विचारलं, "पोराला शाळेत का नाही घातलं?" तर ते शांतपणे म्हणतात, "मीही घरीच शिकलो. अजून तरी कोणी तक्रार केलेली नाही."

पहिला प्रयोग सगळे करतात तोच. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर लावायचा आणि उलटा करायचा. बुडबुडे आले, फेस आला, फुगा आपोआप टम्म फुगला! पोरं नाचायला लागली. मी विजयी मुद्रेने सासूबाईंकडे पाहिलं.

त्या डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढा खटाटोप? तोंडाला काय झालं होतं?"

* * *

जांभळ्या कोबीच्या पाण्याची मोठी गंमत असते. लिंबू पिळलं की गुलाबी, सोडा टाकला की निळं-हिरवं. मी कोबी उकळला, पाणी गाळलं, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. नवरा उन्हातून आला आणि अर्धी बाटली उभ्या उभ्या प्यायला.

"जांभळाचं सरबत छान झालंय," तो म्हणाला. "साखर तेवढी विसरलीस."

मला वाटलं पोरं आता रडणार. छे! ओजस धावत जाऊन भिंग घेऊन आला. "काका, जीभ दाखवा!" ईराच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात सोड्याचा चमचा. "बाबा, आधी कुठलं घेता?"

नवरा हसत हसत सटकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाथरूमच्या दाराबाहेर दोघंही पेन्सिली घेऊन उभी. "बाबा, रंग सांगा ना!" "काका, गुलाबी की हिरवा?"

आतून आवाज आला, "अरे, मी बाप आहे! टेस्ट ट्यूब नाही!"

* * *

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, यावर आम्ही एक अख्खी सकाळ घातली. फ्रिजमधला गार कांदा, पाण्यात बुडवून ठेवलेला कांदा, पंख्याखाली चिरलेला कांदा. ईराने पोहण्याचा गॉगल लावला होता, ओजसने गुरुजींचं हेल्मेट घातलं होतं, आणि मी बिचारी उघड्या डोळ्यांनी चिरत होते, कारण कोणीतरी तुलनेसाठी रडायला हवंच ना! पोरांचे गॉगल-हेल्मेटही फार टिकले नाहीत. पाऊण तासाने आम्ही तिघंही ढसाढसा.

तेवढ्यात नांदगावहून माझे मामा आले. त्यांची तिकडे कांद्याचीच शेती. दार उघडंच होतं. आत पाहतात तर भाची जमिनीवर बसून पदराने डोळे पुसतेय, पोरं हुंदके देतायत. मामांनी पिशवी दारातच टाकली आणि माझ्याजवळ बसून स्वतःही रडायला लागले. मला कळेना यांना काय झालं. वाटलं, नांदगावला काही वाईट घडलं. मग मी खरोखरची रडायला लागले. सासूबाई आवाज ऐकून बाहेर आल्या, त्यांनीही पदर तोंडाला लावला.

बऱ्याच वेळाने मामांनी नाक पुसत विचारलं, "पन गेलं कोन?"

ओजस हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "कोणी नाही. कांदा आहे."

मामा उठले. पिशवी उचलली. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, भाव पडल्यावर बी आमच्यात एवढं कोनी रडत नाय!"

* * *

दुधात व्हिनेगर घालून नासवायचं, चोथा दाबून वाळवायचा, की त्याचं टणक प्लास्टिकसारखं काहीतरी होतं. पूर्वी म्हणे त्याची बटणंही करत. दूध फाटलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी दूध नासलं की सुनेला बोलणी बसायची. आता टाळ्या!"

ईराने दुधाचं एक बटण केलं आणि बाबांच्या शर्टाला शिवलं, प्रेमाने. नवरा तोच शर्ट घालून ऑफिसला निघाला. पार्किंगपर्यंत बिल्डिंगमधलं एक मांजर मागे. गेटपर्यंत तीन.

* * *

तांब्याचं भांडं चिंचेने चकाकतं. पण नुसतं घासलं तर फरक कसा कळणार? म्हणून मी पोरांना शिकवलं, की प्रयोगात एक भाग तसाच ठेवायचा, तुलनेला. ओजसने हे मनावर घेतलं. घरी जाऊन त्याने गुरुजींचा पूजेचा तांब्या बरोबर उभा अर्धा घासला. डावीकडून सोन्यासारखा, उजवीकडून काळाकुट्ट!

गुरुजींना हे कळलं थेट त्र्यंबकला, पिशवीतून तांब्या काढल्यावर. समोर यजमान बसलेले, अख्खं कुटुंब लांबून आलेलं. यजमान तांब्याकडे टक लावून बघत होते.

"गुरुजी, हा असा का?"

गुरुजींनी तांब्या नीट समोर मांडला. मग म्हणाले, "अर्धनारीनटेश्वर."

यजमानांनी हात जोडले. सगळ्या कुटुंबाने तांब्याला वाकून नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या ओळखीतले दुसरे यजमान आले. बसायच्या आधीच म्हणाले, "आमची पूजा त्याच तांब्याने करा हं!"

तेव्हापासून गुरुजी दर सोमवारी ओजसला हाक मारतात, "बाळा, डावीकडून घासायचा राहिलाय बघ."

* * *

हळदीवर साबणाचं पाणी पडलं की ती लाल होते. हे पोरांना शिकवून मी मोकळी झाले, आणि त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या नीरजची हळद होती. आता माझी चूक काय?

नीरज पाटावर बसला होता, तोंडापासून पायापर्यंत पिवळा. आत्या, माम्या, मावश्या गाणी म्हणत होत्या. माझी दोन रत्नं कुंडीला पाणी घालायचा फवारा घेऊन मागच्या बाजूने शिरली. फवाऱ्यात साबणाचं पाणी. फुस्स! फुस्स!

नवरदेवाची पाठ लालभडक झाली.

एक मावशी किंचाळली, "रक्त!" दुसरी म्हणाली, "नजर लागली!" तिसरीने सरळ नवरीकडच्यांकडे बोट दाखवलं. नवरीचा भाऊ बाह्या सरसावून उठला. नीरज पाठ बघायला गोल गोल फिरत होता आणि फिरेल तसतसा ओजस पुढूनही फवारत होता! मी गर्दीतून वाट काढत ओरडत होते, "कर्क्युमिन आहे हो, हळदीतलं कर्क्युमिन!" त्यावर एक आजोबा घाबरून म्हणाले, "कर्क? म्हणजे राशीचाच दोष!"

आता मारामारी होणार, तेवढ्यात पूजा सांगायला बसलेले गुरुजी शांतपणे उठले. त्यांनी बँडवाल्याच्या हातातला माइक घेतला.

"हळदीचं कुंकू झालं," ते म्हणाले. "असा योग क्वचित येतो. शुभ आहे. पुढे चला."

नवरीच्या भावाने बाह्या खाली केल्या. मग नवरीकडची एक काकू पुढे आली आणि ओजसला हळूच म्हणाली, "आमच्या मुलीवरपण मार की रे थोडं!"

* * *

अंड्याचा प्रयोग मी टाळत होते. समोरचं घर कडक शाकाहारी, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. पण ईराने कुठेतरी पाहिलं होतं, की कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं की कवच विरघळतं आणि आतलं अंडं रबरी चेंडूसारखं होतं. शेवटी मी आमच्या गॅलरीत बरणी ठेवली आणि ओजसला बजावलं, "तू फक्त लांबून बघायचं."

तो लांबून बघता बघता जवळ आला. कवच गेलं, अंडं फुगलं, उजेडात धरलं की आतला पिवळा बलक चंद्रासारखा दिसायचा. ओजसने त्याचं नाव ठेवलं बंडू. रोज सकाळी उठला की आधी गॅलरीत. बंडूला पाढे म्हणून दाखवायचा. बंडूला ऊन लागू नये म्हणून रुमाल घालायचा. मला धास्ती वाटायची, की गुरुजींना कळलं तर? ते एका शब्दाने रागावणार नाहीत, पण उद्यापासून ओजस यायचा बंद होईल. आणि मग ईराही एकटी पडेल.

त्या दिवशी ओजस बंडूला तळहातावर घेऊन गोष्ट सांगत होता. दारात गुरुजींचा आवाज आला, "ओजस, चल रे." पोरगं दचकलं. बंडू हातातून निसटला. फरशीवर एकदा उसळला, दुसऱ्यांदा उसळला. तिसऱ्यांदा नाही उसळला.

गुरुजी गॅलरीच्या दारात उभे. फरशीवर पिवळं थारोळं. आणि ओजसने असा टाहो फोडला, की खालचा वॉचमन वर बघायला लागला. "माझ्यामुळे गेला! माझ्यामुळे गेला बंडू!" ईरा त्याला धरून रडत होती. पाणी दिलं, नको. लाडू दिला, नको. श्वास लागेपर्यंत रडत होता.

"गुरुजी, चूक माझी आहे," मी म्हटलं. "अंडं मीच आणलं. व्हिनेगरमध्ये..."

गुरुजींनी हातानेच मला थांबवलं. चपला काढल्या. गॅलरीत थारोळ्यापाशी मांडी घालून बसले. ओजसला शेजारी बसवून घेतलं, त्याचे डोळे उपरण्याने पुसले.

"वहिनी, एक पळी-भांडं द्या. आणि चार तुळशीची पानं."

मी आणून दिलं. सासूबाई दारात येऊन हात जोडून उभ्या राहिल्या.

"नाव?" गुरुजींनी विचारलं.

"बंडू," ओजस हुंदका गिळत म्हणाला.

"गोत्र?"

ओजसने माझ्याकडे पाहिलं. मी ईराकडे पाहिलं. ईराने रिकाम्या बरणीकडे पाहिलं.

"व्हिनेगर," ओजस म्हणाला.

गुरुजींच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. त्यांनी उजव्या हातावर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "व्हिनेगरगोत्रोत्पन्नस्य बंडुशर्मणः..."