तंबाखूच्या फुलांचा पदर

दिवाळी होऊन तुळशीची लग्नेही आटोपली होती. व्हरांड्यातला आकाशकंदील उतरवण्यासाठी मी स्टूल मांडले आणि त्याच वेळी सुधीरचा फोन आला. "सर, आप्पा गेले. झोपेतच..." स्टूल तिथेच ठेवून मी टिळकवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटकडे चालू लागलो. त्याला आता काही आठवडे झाले. कंदील अजून उतरवलेला नाही. का, ते नीट क्रमाने सांगितले पाहिजे.

सुधीरचे आप्पा म्हणजे माझा बालमित्र महादेव. आम्ही दोघे वडगावच्या एकाच गल्लीतले. मी मास्तर झालो, तो पुठ्ठे पाडू लागला. हे काम आता फारसे कुणाला ठाऊक नसेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. साडीच्या पदरावरची नक्षी मागाला पुठ्ठ्यांवरून कळते. पुठ्ठ्यात जिथे भोक असते तिथला धागा उचलला जातो, नसते तिथला खाली राहतो. विणीच्या एकेका ओळीला एकेक पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्याने क्रमाने ओवले की त्यांची माळ होते आणि त्या माळेत अख्खा पदर साठवलेला असतो. महादेवने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नक्ष्यांचे पुठ्ठे पाडले. स्वतःची नक्षी त्याने एकच केली. त्याची पत्नी, आमच्या पार्वतीआक्का, निपाणीकडच्या. लग्नाआधी तंबाखूच्या शेतात राबलेल्या. तंबाखूला फिकट गुलाबी, नाजूक फुले येतात, परंतु पान जाड भरावे म्हणून ती खुडून टाकतात. "फुलं खुडायचं काम माझंच असायचं," असे आक्का कधीतरी म्हणाल्या आणि महादेवने ती सगळी फुले त्यांच्या पदरावर परत आणली. त्या नक्षीची एकच साडी त्यांच्या घरच्या मागावर विणली गेली; माग पुढे विकला. आक्का गेल्या तेव्हा तीच नेसवून त्यांना नेले. नक्षीच्या कागदाला पुढे वाळवी लागली. उरली ती माळ्यावर जपून ठेवलेली पुठ्ठ्यांची माळ. नात चिन्मयी हिच्या लग्नात तो पदर पुन्हा विणून घ्यायचा, हे महादेवने पक्के केले होते. वडगावात जुना माग चालवणारा एक जण तयारही झाला होता. "मास्तर, पोरीला बोलू नगा हं. एकदम साडीच पुढ्यात ठेवतो," असे महादेवने मला बजावले होते.

त्याची सून मेघना घरीच हस्तकलेचे वर्ग घेते. फोटोंचे अल्बम सजवण्याचे सामान, म्हणजे रंगीत जाड कागद, लेस, रिबिनी, चिकटवायचे मोती, यांनी तिचे कपाट भरलेले असते. यंदा त्याच सामानातून तिने दिवाळीचे छोटे कंदील शिकवायला घेतले. महादेव चार दिवस निपाणीला मेव्हण्याकडे गेला होता. तो परतला त्या संध्याकाळी घरात कंदिलांचे प्रदर्शन होते आणि मलाही आमंत्रण होते. दिवे लावले तेव्हा हॉलच्या भिंतींवर प्रकाशाचे असंख्य ठिपके पडले. "अय्या, कित्ती वेगळं!" असे बायका म्हणत होत्या. महादेव दारातच पिशवी हातात धरून उभा राहिला. मग त्याने जवळचा एक कंदील धरला आणि त्याच्या भोकांवरून बोट फिरवले...

"आप्पा, माळ्यावर नुसते धूळ खात पडले होते," मेघना हौसेने म्हणाली. "आता बघा, कसे उजळले!"

"अगं, विचारायचं तरी होतंस," मी म्हणालो.

सुधीर हसला. "सर, पुठ्ठेच तर हाईत. माग विकून किती वर्षं झाली. नक्ष्या आता कम्प्यूटरवर होतात."

"झाली की," महादेव म्हणाला. "मास्तर, गप बसा तुम्ही."

तेवढ्यात एका पाहुण्या बाईंनी विचारले, "आजोबा, हे भोकांचं डिझाईन तुमचं का हो?"

"न्हाय. मशिनीचं."

मग तो खाली बसला. काही कंदिलांना रिबीन ओवायची राहिली होती. त्याने आपला जुना पंच मागवला आणि त्यांना एकेक भोक पाडून दिले. त्या पुठ्ठ्यांतली बाकीची भोकेही त्यानेच पाडलेली होती. हे शेवटचे भोक तेवढे नक्षीत नसलेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या वाटणीचा कंदील घेऊन तो घरी आला. सगळे कंदील पुन्हा गोळा करू, असे मी सुचवले. "निम्मे इकल्यात, मास्तर. आणि तिनं पुठ्ठे मधनंच कापल्यात. एक पुठ्ठा चुकला तर पाकळी मोडती; हितं माळच न्हाय."

"निदान चिन्मयीला तरी सांग."

"काय सांगू? रिबिनी तिनंच बांधल्यात. लई हौसेनं."

मी मेघनाशी बोलतो म्हणालो, तेव्हा त्याने माझ्याकडून शब्द घेतला की हे त्यांना कळू द्यायचे नाही. महादेव असेपर्यंत मी तो पाळला. आता हे लिहून मोडतो आहे. शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' मी कित्येक वर्षे शिकवले आहे. त्या धड्याची पहिली पायरी अशी, की वस्तू टाकाऊ आहे की नाही, हे ती ज्याची आहे त्याला विचारावे. म्हाताऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याची पद्धत आपल्या घरांतून गेली आहे. घरात आपल्याला वस्तूंबरोबरच मोजतात, हे त्याला आपोआप समजते. महादेवला समजले. त्यानंतर तो वडगावला गेला नाही. मागवाल्याला 'नको' असा निरोप त्याने माझ्याकरवी पाठवला.

तेराव्याच्या दिवशी महादेवच्या फोटोशेजारी त्यांतलाच एक कंदील टांगला होता. "आप्पांची आठवण," सुधीर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. चिन्मयी रडत होती. तिची लग्नाची साडी दुकानातून घेऊन झाली आहे. तीही चांगलीच असेल.

माझ्या कंदिलाच्या एका बाजूला दोन-चार पुठ्ठे चुकून क्रमाने लागले आहेत. ते महादेवनेच मला दाखवले होते. "ही पाकळीची कड, बघा." रोज संध्याकाळी मी दिवा लावतो. व्हरांड्याच्या भिंतीवर तेवढी कड उमटते. तिच्या वरची ओळ कुणाच्या दारात टांगली आहे, ते मला माहीत नाही.