पुढच्या तारखांच्या बाटल्या

मुंबईचं विद्यापीठ आणि आमचं रत्नागिरीचं कॉलेज यांनी मिळून औषधशास्त्राची पीएच.डी. सुरू केली, तेव्हा आम्ही दोघीच विद्यार्थिनी होतो. आधी वर्ग, मग परीक्षा, मग संशोधन, आणि दर सहामाहीला दोन्हीकडच्या मार्गदर्शकांपुढे उभं राहून उलटतपासणी. माझ्याबरोबरच्या मुलीचा विषय साधा होता. इथल्या खाऱ्या, दमट हवेत ॲस्पिरिनच्या गोळ्या किती टिकतात? पहिल्याच दिवशी तिने सगळ्या बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर ती उघडायची तारीख लिहून टाकली, पार दोन वर्षांपुढपर्यंतची. तिच्या या टापटिपीचा मला मनस्वी राग यायचा. "एवढी घाई कसली गं तुला?" मी चिडवायची.

त्याच वर्षी भाद्रपदात ती तापाने गेली. काही कळायच्या आत गेली.

बाटल्या राहिल्या. मार्गदर्शक म्हणाले, एक तारीख चुकली तरी सगळं काम वाया. पूर्ण झालं तर तिला पदवी नाही मिळणार, पण निदान ते तिच्या नावाने छापता येईल. म्हणून मी बाटल्या उघडू लागले. कपाटाचं दार ओढलं की समोर तिचं गोल अक्षर, आणि तारीख आजची. तिनेच बोलावून घेतलंय असं वाटायचं. मी घाबरायची, सरळ सांगते. भर दुपारीसुद्धा मोठ्याने काहीतरी गुणगुणत काम उरकायची.

तिचे वडील प्रत्येक तारखेला गावाहून येत. आंब्याचे बागायतदार. दारात चपला काढून बाहेरच उभे राहत. "आजची झाली ना गो, बाय?" एवढं विचारायचे आणि परतीची एस्टी धरायचे.

शेवटची बाटली मी हातात घेतली, तेव्हा ते पहिल्यांदाच आत आले.

"ही नको उघडू गो. एक तरी तारीख राहूदे तिची."

माझं डोकंच फिरलं. "मग तिने केलेलं सगळं मातीत जाईल, काका! तिला चाललं असतं?"

ते बाटलीकडे बघत राहिले. मग ती माझ्या हातून घेऊन त्यांनी स्वतःच झाकण फिरवलं. आंबूस वास सुटला. गोळ्या बिघडल्या होत्या.

"ती म्हणायची, टिकणार नाहीत. बरोबर होतं तिचं?"

"हो, काका. अगदी बरोबर."

त्यांनी मान हलवली, बाटली मला परत दिली, दारात जाऊन चपला घातल्या. पण निघेनात.

"आता मी कधी येऊ गो, बाय?"