एवढा एक शब्द

माझा मोठा भाऊ छापखान्यात प्रूफं तपासतो. चूक दिसली की त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. लग्नपत्रिका हातात पडली तर नवरा-नवरीची नावं राहतात बाजूला, याला आधी चुकलेली वेलांटी दिसते. मी त्याची धाकटी बहीण. लहानपणी त्याला साधी चिठ्ठी लिहायचीसुद्धा मला धास्ती वाटायची. आणि अशा माणसाच्या पोटी आमची ठमी जन्माला आली.

ठमीला अक्षरं जागेवर सापडत नाहीत. डोकं तल्लख, एकदा ऐकलेलं विसरायची नाही, पण वाचायला बसली की 'मगर'चं 'गरम' होतं. शाळेत तपासणी झाली, अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला. तेव्हापासून दादा रोज तिच्याशेजारी बसायला लागला. ती अडखळली रे अडखळली की शब्द याच्या तोंडून बाहेर. बारावीपर्यंत गाडी अशीच ढकलली.

आता कॉलेज. त्यात बाईसाहेबांना इतिहास हवा, म्हणजे सगळ्यात जास्त वाचन! दादाची झोप उडाली. प्रवेशाची मुदत संपत आली तरी याचं काही ठरेना. जेवता जेवता उठायचा, कुणालातरी फोन लावायचा, परत येऊन गार भात चिवडत बसायचा. वहिनीने हात टेकले, म्हणून मी दादा-ठमीसोबत कॉलेजं बघायला जाऊ लागले.

पहिल्या कॉलेजातले साहेब म्हणाले, "आमच्याकडे भेदभाव नाही. सगळ्यांना एकच नियम." केवढ्या अभिमानाने सांगितलं! दुसरं कॉलेज घराजवळचं. तिथले प्राचार्य दादाच्या ओळखीचे. ते म्हणाले, "इतिहास कशाला? सोपासा विषय देऊ, परीक्षेला लेखनिक देऊ. तुम्हीही मधूनमधून वर्गात येऊन बसा." दादाला ते एकदम पटलं. ठमी परतताना आमच्या चार पावलं पुढेच चालत राहिली. मला त्या प्राचार्यांचा असा राग आला की विचारू नका.

तिसरं कॉलेज लांबचं, दोन बस बदलून जायचं. तळमजल्यावर अशा मुलांसाठी वेगळी खोली होती. पुस्तक वाचून दाखवणारे कॉम्प्युटर, हेडफोन, खिडकीशी बसायला एक जुना सोफा. तिथल्या मॅडमनी ठमीला विचारलं, "तुला कशात अडचण येते?"

"आम्हाला जोडाक्षरं जड जातात," दादा म्हणाला.

"आणि परीक्षेत?"

"आम्ही फार घाबरतो."

मॅडम हसल्या. "तुम्हीपण प्रवेश घेताय का?"

मलाही हसू फुटलं. दादाचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, पण स्वतःचं 'आम्ही' त्याला कधी खटकलं नव्हतं. ठमी हळूच म्हणाली, "बाबा, आत्या, तुम्ही जरा बाहेर बसता?"

आम्ही बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. ठमी नेमकी कुठे अडते ते बघायला मॅडमनी तिला इतिहासाचा एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. दादा शेजारी नसताना परक्यासमोर वाचायची ही तिची इतक्या वर्षांतली पहिलीच वेळ. मग ती अडलीच.

"सार्व... सार्वभ..."

दादा उठला.

"बस खाली," मी म्हणाले.

"अगं, सार्वभौमत्व! एवढा एक शब्द सांगून येतो."

"दादा, बस म्हणते ना!" मी त्याची बाही धरली, तरी तो बसेना. आत सगळं शांत. ही इथे रडली तर पुन्हा कुठल्याच कॉलेजची पायरी चढणार नाही, घराजवळच्या त्या सोप्या विषयात जाऊन बसेल, हे दोघांनाही कळत होतं.

"मॅडम, हा शब्द मला येत नाहीये," ठमीचा आवाज आला. "सोडून पुढे वाचू?"

"वाच की."

आणि ती वाचू लागली. रखडत, चुकत, पण पुढे.

दादा मटकन खाली बसला. "सोडला तिने," तो म्हणाला. "मी तिला कधी एक शब्द सोडू दिला नाही गं. मला वाटायचं, तिथेच सगळं संपेल." त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळाने ठमी बाहेर आली. "बाबा, मी इथेच येणार. इतिहासच घेणार."

"आणि अडलीस तर?"

"अडेन ना. रोज अडेन," ती म्हणाली. "तुम्ही फक्त आत येऊ नका."

दादा "बरं" म्हणाला. खिशातलं पेन काढून त्याने प्रवेशाचा फॉर्म भरायला तिच्याच हातात दिलं.