काकांच्या बारा तबकड्या

काकांनी इंग्रजी गाणी लिहिली होती आणि ती तबकड्यांवर निघाली होती, हे मला ते निवृत्त झाले त्या महिन्यात कळलं. तोवर मी नऊ वर्षं त्यांच्याच घरात जेवत होते. यात माझा बावळटपणा किती आणि त्यांचा घुमेपणा किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय, घुमेपणा जास्त.

वडील गेल्यावर आई मला घेऊन बेंगळुरात काका-काकूंकडे आली, तेव्हा मी शाळेत होते. घर पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, गजबजलेल्या गल्लीत. आमची माणसं या गावात इतक्या पिढ्यांची, की 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे शब्द कानडी आहेत हे मला पुण्याच्या पाहुण्यांनी हसून सांगितलं. काका दंडूत, म्हणजे पूर्वीच्या गोऱ्यांच्या छावणीत, लष्करी कचेरीत टायपिस्ट होते. संध्याकाळी येत, हातपाय धूत, पेपर वाचत. काकूशी बोलणं म्हणजे 'मीठ कमी आहे' आणि 'छत्री कुठे?' एवढंच. काकूही काही कमी नव्हती. 'ह्यांना विचार' असं ती मला सांगायची, आणि हे समोर बसलेले असायचे!

जिन्याखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुन्या कागदांत गुंडाळलेल्या बारा काळ्या तबकड्या. घरात ग्रामोफोन नव्हता, कधी नव्हताच. मग तबकड्या कशाला, असं कुणी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे गोंबे मांडत, पायऱ्यांवर बाहुल्या. त्यांच्यापुढे बाग करायची, आणि बागेत हिरवंगार दिसावं म्हणून आठवडाभर आधी रागी, म्हणजे नाचणी, पेरून ठेवायची. कुणाची बाग सरस यावरून बायकांत कोण चुरस! एका वर्षी समोरच्या अक्कांनी जुन्या तबकड्या उकळत्या पाण्यात मऊ करून चुणीदार कडांची तबकं केली. झालं! काकूला झोप लागेना. तिनं ट्रंक उघडली.

मी तेव्हा कॉलेजात होते, चांगलं इंग्रजी वाचत होते. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बारीक अक्षरांत काकांचं नाव छापलेलं मी पाहिलं. पाहिलं, आणि काय वाटलं? आमच्या घरात तांब्यापासून पळीपर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. भांडी मांडवात जातात, शेजारी जातात, हरवू नयेत म्हणून. मला वाटलं, हेही तसंच, मालकाचं नाव. मी काकूला म्हटलंही, "नाव आहे गं काकांचं." ती म्हणाली, "असू दे की, कुठे बाहेर द्यायच्यात?"

बोहारणीला द्यायचं एक पातेलं घेतलं, पाणी उकळलं. एकेक तबकडी चिमट्यानं आत धरायची, वाकली की डब्यावर उपडी घालून कडा दाबायच्या. भोकं मेणानं बुजवली, माती भरली, रागी पेरली. बाराच्या बारा. त्या वर्षी आमची बाग बघायला गल्ली लोटली. काकांनीही पाहिली. "छान केलंय," म्हणाले आणि हरभऱ्याची उसळ घेऊन पेपर वाचायला गेले. ते एवढं बोलले म्हणून काकू दिवसभर खुशीत होती. दसरा संपला, कागद कुजलेले, तबकांना तडे. सगळं केरात गेलं.

निवृत्तीनंतर काका एके दुपारी हमालाच्या डोक्यावर ग्रामोफोन घेऊन आले. दंडूतलं एक कुटुंब सामान विकून विलायतेला निघालं होतं, त्यांच्याकडचा. चावीचा, जुना. मेजावर ठेवला, पुसला आणि सरळ जिन्याखाली गेले. ट्रंकेत काकूचे उडदाचे पापड होते.

"तबकड्या?"

"त्या काळ्या?" काकू म्हणाली. "त्यांची आम्ही तबकं केली की. तुम्हीच छान म्हणालात."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"सरी," म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. काका तिशीत असताना दंडूतल्या हॉटेलात नाचाच्या गाण्यांचा बँड होता. त्याच्या गोव्याच्या मास्तरला इंग्रजी शब्द हवे असत, काका टायपायला दिलेल्या कागदांच्या पाठीवर लिहून देत. गाणं निघालं की मास्तर एक तबकडी आणून देई. प्रत्येक तबकडी काकांनी दुकानात उभ्यानं एकदाच ऐकलेली. निवृत्त झाल्यावर मशीन घ्यायचं आणि आपल्या घरात बसून आपले शब्द ऐकायचे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. तीस वर्षं! मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माणसानं एकदा तरी तोंड उघडावं की नाही?

मग मी दर रविवारी त्यांच्याबरोबर जुन्या बाजारात जाऊ लागले. गोणपाटांवर ढीग असत, आम्ही उकिडवे बसून एकेक तबकडी उलटत असू. काकू विचारायची नाही, पण दाराशी येऊन आमचे हात बघायची. पाचव्या रविवारी त्या बारांतल्या एका गाण्याची तबकडी सापडली. कडेचा टवका उडालेला, पण गोल कागदावर काकांचं नाव शाबूत. काकांनी ती छातीशी धरून घरी आणली.

चावी दिली. आधी खरखर, मग तुतारीसारखं काहीतरी जोरात, मग गाणारा. दोनच कडवी. काका डोळे मिटून ऐकत होते. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण हा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी.

"काय म्हणतोय गं तो?" तिनं मला विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. ते नको म्हणाले नाहीत. तेव्हा मी मराठीत सांगितलं. एक माणूस कामावरून येतो आणि आपल्याच घराच्या दाराबाहेर थांबतो. आत त्याची बायको काम करता करता गात असते. त्याचं पाऊल वाजलं की ती गप्प होते. म्हणून तो जोडे काढून हातात घेतो आणि उभा राहतो. जेवण निवलं तर निवू दे, म्हणतो.

काकू जागची हलली नाही.

"मला वाटायचं, तुम्हाला आवडत नाही," ती म्हणाली. मला नव्हे, त्यांनाच म्हणाली. "आल्या आल्या कपाळाला आठ्या असायच्या तुमच्या. म्हणून मी गाणंच सोडलं."

काकांनी डोळे उघडले. तबकडी संपली होती आणि सुई नुसतीच घासत होती, ती उचलायचं कुणाला सुचलं नाही. नऊ वर्षं मी त्या घरात राहिले होते. काकूला गाता येतं हे मला त्या दुपारी कळलं.